आरामखुर्चीची पँट

सहलीचा शेवटचा दिवस उजाडला तेव्हा टेलरमास्तरांच्या अंगात पेंग्विनांचा पायजमा होता, आणि कमरेखाली घालण्याजोगं त्याखेरीज दुसरं काहीही त्यांच्याजवळ नव्हतं.

तसे मास्तर काही भणंग नव्हते. शहरातल्या निम्म्या पुरुषांची अब्रू त्यांनी जन्मभर स्वतःच्या हातानं शिवून झाकली होती. मुलानं आईबापांना पाठवतात तशा थाटात ही समुद्रकिनाऱ्याची जहाजसहल भेट दिली, तेव्हा मास्तरांनी स्वतःच्या शिलाईच्या, कडक इस्त्रीच्या इतक्या पँटी बरोबर घेतल्या होत्या, की जहाज बुडालं असतं तर तळाशी माशांची एक अख्खी वस्ती ऐटीत फिरली असती. पण त्या सगळ्या पँटी आता जहाजाच्या पोटात, काळ्या बॅगांच्या डोंगराखाली गाढ झोपल्या होत्या. आणि त्यांना तिथं झोपवणारी व्यक्ती समोरच्या पलंगावर पाय खाली सोडून, बुटांसकट तयार बसली होती.

ती म्हणजे अक्का. मास्तरांची थोरली बहीण. मास्तर पहिल्यांदा शाळेत गेले तेव्हा त्यांचं दप्तर अक्कानं भरलं, आणि तेव्हापासून ते काम तिनं कुणाला हातात घेऊ दिलेलं नाही. मास्तरांची बायको होती तोवरही बॅग अक्काच भरायची. बिचारीनं एकदाच हौसेनं भरून पाहिली होती. अक्कानं ती तिच्यादेखत उपसली, पुन्हा भरली आणि "छान भरली होतीस हं" असं वर म्हणाली.

झालं असं होतं. आदल्या दिवशी दुपारी जहाजाच्या भोंग्यावरून घोषणा झाली. उद्या सकाळी शेवटचं बेट, संध्याकाळी घरचं बंदर. सर्वांनी आपल्या मोठ्या बॅगा आजच केबिनच्या दाराबाहेर ठेवाव्यात. खलाशी त्या तळघरात नेतील आणि उद्या उतरल्यावर बंदराच्या हॉलमध्ये परत मिळतील. उद्याचे कपडे तेवढे जवळ ठेवावेत. यातलं शेवटचं वाक्य अक्कानं ऐकलंच नाही, कारण तोवर ती कपाट उघडून बसली होती. अख्ख्या मजल्यावर पहिली बॅग आपल्या दाराबाहेर दिसली पाहिजे, एवढीच तिची माफक अपेक्षा. ती पुरी झाली.

"अक्का, माझी पँट?"

"भरली."

"कुठली?"

"कुठली म्हणजे काय? सगळ्या."

"आणि काल जेवून आल्यावर मी खुर्चीवर काढून ठेवली होती ती?"

"तीच तर विसरत होतास! मी पाहिली म्हणून बरं. बॅग दाराबाहेरच होती अजून, दिली सारून. घडी मोडू नये म्हणून स्वेटरात गुंडाळली आहे." अक्काचा चेहरा शाबासकीची वाट बघत होता.

"अगं, मग आज मी घालू काय?"

"आहे की हा. ऊबदार आहे. नातीनं प्रेमानं दिलाय."

"याच्यावर पेंग्विन आहेत!"

"समुद्राचेच पक्षी आहेत. जहाजावर शोभतात."

"आणि तू कशी काय तयार?"

"मी आजच्या कपड्यांतच झोपले. सकाळी उठून घोळ नको."

मास्तर मटकन खाली बसले. सत्तरीला टेकलेल्या माणसानं पायजम्यापायी इतकं खचून जाऊ नये, असं कुणालाही वाटेल. पण मास्तरांची खरी मेख वेगळीच होती, आणि ती दंतवैद्य होती.

जेवणाच्या टेबलावर पहिल्याच दिवशी त्यांच्या समोरची खुर्ची एका डॉक्टरीणबाईंना मिळाली होती. दातांच्या डॉक्टर, आता निवृत्त, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. बाई बोलताना समोरच्याच्या डोळ्यांकडे न बघता तोंडात बघायच्या, त्यामुळे मास्तरांना आपण काही तरी फार महत्त्वाचं बोलतोय असं वाटायचं. मग प्रत्येक बंदरावर दोघं एकत्र उतरू लागले. जहाजवाल्यांनी दाखवायची म्हणून ठेवलेली स्थळं एकाहून एक अद्भुत होती. एका बंदरावर तोफ होती, जी कधीच उडाली नव्हती. दुसऱ्यावर तट होता, ज्याच्यावर कुणी कधी हल्ला केला नव्हता. तिसऱ्यावर मिठाचं संग्रहालय होतं. तिथं काचेच्या पेटीत मीठ, शेजारच्या पेटीत जाडं मीठ आणि भिंतीवर मिठाचा फोटो. हिरवी छत्री उंच धरून पुढं चालणारी गाईड प्रत्येक ठिकाणी म्हणायची, "असं जगात दुसरीकडे कुठंही नाही!" आणि ते शंभर टक्के खरं होतं. दुसरीकडे कुणी ठेवलंच नसतं.

त्या मिठासमोरच्या बाकावर डॉक्टरीणबाईंनी विषय काढला होता.

"मास्तर, तुम्ही बोलता बरं, जेवता सावकाश आणि पुढचे दात तुमचे स्वतःचे आहेत. माझ्या वयात एवढं पुष्कळ झालं. मी एकटी राहून कंटाळलेय."

मास्तरांच्या घशाला कोरड पडली. मिठाचा परिणाम नसावा.

"पण एकच विचारते," बाई म्हणाल्या. "आमचे हे मोठे इंजिनियर. नद्यांवर पूल बांधले. पण स्वतःच्या कपाटातला बनियन त्यांना शेवटपर्यंत सापडला नाही. जन्मभर मी त्यांच्या बॅगा भरल्या. आता मला सोबत हवी आहे, बॅग भरायला माणूस नकोय. तुमची बॅग कोण भरतं?"

"मीच!" मास्तर म्हणाले. इतक्या ठामपणे, की क्षणभर त्यांना स्वतःलाही खरं वाटलं.

"मग उद्या बेटावरच्या दीपगृहावर चढू. वर पोचल्यावर काय ते सांगते."

आता कळलं ना घोडं कुठं अडलं होतं? पायजम्यात खाली गेले तर बाई विचारणार, पँट कुठंय. पँट बॅगेत म्हटलं तर बाई विचारणार, सगळ्या कशा काय गेल्या. आणि खालीच गेले नाहीत, तर बाई दीपगृहाच्या माथ्यावर एकट्या उभ्या राहणार आणि संध्याकाळी घरच्या बंदरात उतरून कायमच्या निघून जाणार.

मास्तरांनी हे सगळं अक्काला सांगून टाकलं. न सांगून करतात काय!

"खोटं बोललास तिच्याशी?" अक्का म्हणाली.

"थोडंसं."

"माझी बॅग तू तुझी म्हणून सांगितलीस?" हे मात्र तिला थोडंसं वाटलं नाही. ती खिडकीतून समुद्राकडे बघत बसली.

मास्तर केबिनमधला पांढरा झगा पायजम्यावर चढवून बाहेर पडले. चौकशीच्या खिडकीवरच्या मुलीनं सगळे दात दाखवत सांगितलं, "काळजी नका करू सर, सामान अगदी सुरक्षित आहे." सुरक्षित होतंच. मालकापासूनसुद्धा. जहाजावरच्या दुकानात टोप्या होत्या, बनियन होते, शंखांच्या माळा होत्या, कप्तानाचं चित्र असलेल्या बश्या होत्या. जहाजवाल्यांच्या मते समुद्रावर आलेल्या माणसाला कमरेखाली काही नसतंच. शेवटी शेजारच्या केबिनमधल्या बँकवाल्यांचं दार त्यांनी वाजवलं. बँकवाल्यांनी दार बोटभर उघडलं. आत तेही झग्यातच होते.

"तुमच्याकडे एखादी जादा पँट..." मास्तर सुरू झाले.

"मी तुमच्याकडेच यायला निघालो होतो," बँकवाले म्हणाले, आणि दोघांनी एकमेकांच्या झग्यांकडे बघून मान हलवली.

अशा वेळी सामान्य माणूस देवाचं नाव घेतो. मास्तरांनी कापडाकडे बघितलं.

वरच्या डेकवर कापडी आरामखुर्च्यांची रांग होती. निळे-पांढरे रुंद पट्टे. कोपऱ्यात पाय मोडलेल्या दोन खुर्च्या भिंतीला टेकून ठेवलेल्या. त्यांच्यावर कुणी बसत नव्हतं आणि बसणारही नव्हतं. मास्तरांनी कापड चिमटीत धरलं, ओढून पाहिलं, कानाशी नेऊन सळसळ ऐकली. घट्ट वीण. चुरगळणार नाही. खाऱ्या हवेत विटणार नाही. इतकं चांगलं कापड लोक बसण्यात वाया घालवतात याचं त्यांना मनापासून वाईट वाटलं.

केबिनच्या खणात प्रवाशांसाठी एक इवली शिवणाची पुडी होती: एक सुई, थोडा दोरा, एक पोरकं बटण. बटण टाचायला म्हणून ठेवलेली. अक्काची नखांची कातर होती. माप घ्यायची गरज नव्हती. स्वतःचं माप मास्तरांना तोंडपाठ होतं, आणि गेल्या आठवड्यातल्या फुकटच्या जेवणांचं त्यांनी कमरेत धरलं. मग भिंतीआड बसून त्यांनी जी उलटी टीप घालायला घेतली, ती बघायला म्हणे समुद्रपक्षी कठड्यावर ओळीनं येऊन बसले. सुई इतकी तापली की मधून मधून ती गार चहात बुडवावी लागत होती, आणि तो चहा दोनदा पुन्हा गरम झाला. दोरा संपल्यावर मास्तरांनी झग्याच्या कडेचा दोरा उसवून ओढला. अर्ध्या झग्याची झालर झाली, पण पँट झाली.

एकच अडचण आली होती. पँटीच्या मागच्या आसनाला पुरेल एवढा रुंद तुकडा एकच, आणि त्याच्यावर मोठ्या अक्षरांत छापलेलं: 'जहाजाची मालमत्ता. किनाऱ्यावर नेण्यास मनाई.' तुकडा उलटा लावला असता तर अक्षरं आत गेली असती. पण मग पट्टे जुळले नसते. आणि ज्या पँटीचे पट्टे शिवणीवर जुळत नाहीत ती घालून मास्तर स्वतःच्या न्हाणीघरातही गेले नसते, दीपगृहावर जायची तर बातच सोडा. त्यांनी अक्षरं बाहेर ठेवली. वर शर्ट येईलच, असा विचार केला. शर्ट खरंच होता. दाराच्या मागं लटकत असल्यामुळे तेवढा अक्काच्या तावडीतून सुटला होता. फक्त जरा आखूड होता.

केबिनमध्ये जाऊन पायजमा उतरवला, शर्ट आणि पँट चढवली. झकास बसली. दम खायला मास्तर पुन्हा डेकवर येऊन एका चांगल्या खुर्चीवर क्षणभर टेकले आणि पाय लांब केले. आणि तिथं एक चमत्कार घडला. पट्ट्यांत पट्टे मिसळून मास्तर कमरेखाली दिसेनासे झाले. वरचा भाग त्यांनी उन्हासाठी वर्तमानपत्राखाली घेतला होता. एक बाई आल्या आणि त्यांनी आपला ओला टॉवेल मास्तरांच्या मांड्यांवर वाळत घातला. मास्तर भिडेपोटी गप्प बसले. पाठोपाठ बँकवाले झग्यात फेऱ्या मारत आले, टॉवेल बाजूला सारला आणि आपला सगळा भार घेऊन खाली बसले.

"अहो, उठा!" वर्तमानपत्राखालून आवाज आला.

बँकवाले हातभर उडाले. "खुर्ची बोलते!"

"खुर्ची नाही, मी आहे!"

बँकवाल्यांनी वाकून नीट पाहिलं. मग त्यांच्या डोळ्यांत लोभ दाटून आला. "मास्तर, मलाही एक शिवा ना."

"तुम्हाला शिडाचं कापड लागेल," मास्तर म्हणाले आणि जिन्याकडे पळाले. कारण शेवटची होडी सुटण्याचा भोंगा झाला होता.

बेटाला धक्का नव्हता. जहाज लांब उभं राहायचं आणि प्रवाशांना होडीतून नेऊन सोडायचं. जहाजाच्या कुशीतल्या उघड्या दारापाशी एक पहारेकरी उभा, त्याच्या पुढं छोटी शिडी, शिडीखाली होडी. होडीत हिरवी छत्री होती, प्रवासी होते आणि पुढच्या बाकावर टोपी बांधून डॉक्टरीणबाई बसल्या होत्या. त्यांच्या शेजारची जागा रिकामी होती. मास्तरांचा जीव भांड्यात पडला. ते पहारेकऱ्यासमोरून आडवे आडवे, खेकड्यासारखे सरकू लागले.

"साहेब, पाठ फिरवा."

"का?"

"वाचायचंय."

मास्तरांनी शर्ट खाली ओढला. शर्ट वर गेला. पहारेकऱ्यानं मागं जाऊन सगळा मजकूर मोठ्यानं, विरामचिन्हांसकट वाचला.

"ही पँट किनाऱ्यावर जाणार नाही, साहेब."

"पँट कुठं जातेय? मी जातोय."

"तुम्ही खुशाल जा. तुम्हाला कोण अडवतंय? पँट इथं ठेवा."

"आणि मी असाच जाऊ?"

"तुमच्यावर काही छापलेलं नाही," पहारेकरी म्हणाला. नियम पाळणाऱ्या माणसाच्या चेहऱ्यावर एक प्रकारचं तेज असतं. ते त्याच्या चेहऱ्यावर होतं.

होडीतून सगळ्या माना वर झाल्या. डॉक्टरीणबाईही वळल्या.

"मास्तर? हे काय घातलंय?"

मास्तर तोंड उघडणार, तेवढ्यात जिन्यावरून धाडधाड पावलं वाजली. अक्का. एका काखेत पलंगावरची चादर, दुसऱ्या हातात पेंग्विनांचा पायजमा झेंड्यासारखा फडकत.

"अरे, हा तरी घाल! नाही तर ही गुंडाळ!"

आता झाकण्यासारखं काहीच उरलं नाही. डॉक्टरीणबाईंनी पायजमा पाहिला, चादर पाहिली, पँट पाहिली. एक्स-रे पाहून कीड कुठं आहे ते ओळखायची त्यांना सवय होती.

"बॅग कुणी भरली?" त्यांनी विचारलं.

होडीचं इंजिनसुद्धा जरा हळू झालं.

"त्यानंच," अक्का म्हणाली.

मास्तरांनी चमकून बहिणीकडे पाहिलं.

"हट्टानं भरली, बाई," अक्का पुढं बोलत राहिली. बोलताना ती कुणाकडेच बघत नव्हती. "मी म्हटलं, अरे, एक तरी बाहेर ठेव. ऐकेल तर शपथ! सगळ्या कोंबल्या. बॅग भरावी कशी, एवढंही कळत नाही त्याला. लहानपणापासून वेंधळा."

त्या बोलण्याची किंमत तिथं फक्त मास्तरांना कळली. आपण भरलेली बॅग दुसऱ्यानं भरली असं अक्का म्हणाली होती. आणि वर, ती वाईट भरली असंही. असं तिनं स्वतःचं नाक कापून घेतलेलं मास्तरांनी जन्मात पाहिलं नव्हतं.

आता मास्तरांनी फक्त गप्प बसायचं होतं. वेंधळा म्हणून खपून गेले असते. बायकांना वेंधळे चालतात. पण गप्प बसवेना.

"नाही, डॉक्टर," ते म्हणाले. "अक्कानंच भरली. कायम तीच भरते. काल मी तुम्हाला थाप मारली. माझी बॅग कसल्या रंगाची आहे, तेसुद्धा मला ठाऊक नाही."

"काळी," अक्का पुटपुटली.

"सगळ्यांच्याच काळ्या आहेत," पहारेकऱ्यानं माहिती पुरवली.

डॉक्टरीणबाई उठल्या. होडी डुलली. शिडीवर एक पाय ठेवून त्या मास्तरांच्या पँटीकडे वाकल्या आणि जुन्या सवयीनं म्हणाल्या, "आ करा. म्हणजे, जरा वळा."

मास्तर वळले.

"ही कुणी शिवली?"

"मी. आत्ताच."

"कशानं?"

"बटण टाचायच्या सुईनं. कातर अक्काची. नखांची."

बाईंनी बाजूच्या शिवणीवरून बोट फिरवलं. निळ्याला निळा, पांढऱ्याला पांढरा. कुठं केसाची फट नव्हती.

"ही अक्षरं आत घेता आली नसती?"

"घेता आली असती. पण पट्टे जुळले नसते."

"म्हणजे इथं पकडले जाल हे माहीत असून?"

"पट्टे जुळायला नकोत का?" मास्तर म्हणाले. त्यांना प्रश्नच कळला नव्हता.

बाई हसल्या. आठवडाभरात मास्तरांना त्यांचे स्वतःचे दात पहिल्यांदाच दिसले. मग त्या शिडी चढून सरळ जहाजात परत आल्या. "मला त्या दीपगृहाच्या पायऱ्या चढायची मुळीच हौस नव्हती. गुडघे माझेच आहेत. ते इथूनही दिसतंय की."

"म्हणजे... उत्तर?"

"उत्तर संध्याकाळी, बॅगांच्या हॉलमध्ये. तुमची बॅग तुम्ही शोधून आणायची. अक्कांनी बोट दाखवायचं नाही, खाकरायचं नाही, भुवईही हलवायची नाही."

"एक जागा रिकामी आहे!" खालून गाईड ओरडली.

"अक्का, तुम्ही जा," बाई म्हणाल्या.

"मी?" अक्का दचकली. अख्ख्या सहलीत ती एकाही बंदरावर उतरली नव्हती. तोफ नाही, तट नाही, मीठही नाही. केबिनच्या दाराकडे तोंड करून बसून होती. "मग सामानाकडे कोण बघणार?"

"सामान कुठाय?"

अक्कानं सवयीनं मागं वळून पाहिलं. सामान तळघरात, कुलपात होतं. बघण्यासारखं या पृथ्वीवर काहीच उरलं नव्हतं. ती चादर आणि पायजमा काखेत घेऊन, झोपेत चालल्यासारखी शिडी उतरली आणि होडी तिला घेऊन गेली.

दुपारभर मास्तर आणि डॉक्टरीणबाई डेकवर बसले. काय बोलले ते ऐकायला कुणी नव्हतं. होते ते बँकवाले, आणि त्यांनी नंतर सांगितलं की दातांविषयीच बोलत होते. दीपगृहाच्या माथ्यावर मात्र मधेच एक चादर फडफडताना दिसली. जहाजाच्या कप्तानानं दुर्बीण लावली, त्याला चादरीशेजारी पेंग्विन दिसले, आणि त्यानं दुर्बीण खाली ठेवून त्या दिवसापुरती दारू सोडली.

होडी परत आली तेव्हा हिरवी छत्री अक्काच्या हातात होती. ती उंच धरून ती पुढं चालत होती, आणि सगळे प्रवासी गाईडसकट तिच्या मागून रांगेत येत होते. "चला, चला, रेंगाळू नका!" अक्का म्हणत होती. "असं जगात दुसरीकडे कुठंही नाही!" गाईडच्या चेहऱ्यावर पोरकेपण आणि सुटकेचा आनंद यांचं चमत्कारिक मिश्रण होतं.

संध्याकाळी घरचं बंदर लागलं.

बॅगांचा हॉल म्हणजे काळ्या बॅगांचं मैदान. ओळीमागून ओळ. लोक आपलीच समजून दुसऱ्याची उचलत होते, दुसऱ्याची समजून आपली टाकत होते, आणि एक गृहस्थ तिसऱ्यांदा त्याच बॅगेशी भांडत होते. अक्का भिंतीजवळच्या बाकावर बसली. हात मांडीखाली दाबून. कारण बॅग तिला दारातूनच दिसली होती. तिच्या शेजारी पहारेकरी उभा होता. तो पँटीसाठी आला होता. 'मालमत्ता' जहाजावरून उतरली होती खरी, पण बंदर हे किनारा धरायचं की नाही, यावर त्याच्या वरिष्ठांचं अजून एकमत होत नव्हतं.

मास्तर ओळींतून फिरू लागले. काळी. काळी. काळी. एकीवरून प्रेमानं हात फिरवला, ती दुसऱ्याची निघाली. दुसरी उचलली, तर तिच्यातून भांड्यांचा आवाज आला. अक्काच्या घशातून एक बारीक, पिळवटलेला सूर निघाला आणि डॉक्टरीणबाईंनी नुसती मान वळवताच विरला. मास्तरांच्या कपाळावर घाम आला. इंजिनियरला बनियन का सापडत नव्हता, ते त्यांना आता आतून समजत होतं.

आणि मग एका मुठीपाशी ते थबकले. मुठीला ओळखीसाठी म्हणून लाल चिंधी गुंडाळली होती. अशा चिंध्या शेकडो बॅगांना होत्या. पण ही चिंधी शिवलेली होती, आणि टाके असे होते, की मुंग्यांची रांग भर रस्त्यात भांडून इकडं तिकडं पांगली असावी. असा टाका जगात एकच हात घालत होता. त्या टाक्याची मास्तरांनी आयुष्यभर टिंगल केली होती. त्यांच्या शाळेच्या सदऱ्याला गुंडी लावणारा पहिला टाका तोच होता, आणि तो उसवून नीट घालायला गेले, तिथून तर ते टेलर झाले होते.

त्यांनी ती मूठ घट्ट धरली. मग बॅग ओढत बाईंसमोर आणली.

"उघडा," बाई म्हणाल्या.

उघडली. वरच स्वेटरात गुंडाळलेली पँट. खाली पँटींची चळत, चाकूनं कापल्यासारखी. आणि त्या चळतीच्या फटी-फटीतून अक्काचे मोजे, अक्काची शाल, मास्तरांचे बनियन, अक्काच्या गोळ्या, मास्तरांचे रुमाल, असं सगळं एकमेकांच्या कुशीत शिरलेलं. बॅग दोघांची मिळून एकच होती. आजवर होती.

बाईंनी वाकून आत पाहिलं. "भरलीय मात्र अप्रतिम," त्या म्हणाल्या. बाकावर अक्काची मान ताठ झाली. "आता तुमचं वेगळं करा. अक्कांचं वेगळं. एकट्यानं."

मास्तर गुडघे टेकून बसले. पँटी सोप्या होत्या. रुमालही कळले. मग हाताला एक राखाडी मोजा लागला. त्यांनी तो उलटा केला, सुलटा केला, उजेडात धरला.

"हा कुणाचा?"

अक्कानं फट्‌कन हिरवी छत्री उघडून स्वतःच्या तोंडासमोर धरली.

"तू विचारू नकोस," छत्रीमागून आवाज आला. "मी पुढच्या सहलीची चौकशी करायला चाललेय. माझी मला छोटी बॅग पुरेल." पण ती हलली मात्र नाही.

डॉक्टरीणबाईंनी आपली बॅग ओढत आणली, मास्तरांच्या बॅगेशेजारी आडवी केली आणि तिच्यावर ऐसपैस बसल्या. टोपीच्या नाड्या सोडल्या.

"सावकाश होऊ द्या," त्या म्हणाल्या. "मी कुठं जात नाही."

तेच उत्तर होतं, हे मास्तरांच्या ध्यानात यायला त्या मोज्याचा जोडीदार सापडेपर्यंतचा वेळ गेला.

पँट पहारेकऱ्यानं रीतसर नेली. उसवायची म्हटली तर मास्तरांची टीप कुणाला उसवेना. दोन कात्र्या बोथट झाल्या म्हणतात. अखेर ती होती तशीच, पायांसकट, एका खुर्चीला बसवून टाकली. अजूनही त्या जहाजावर वरच्या डेकच्या कोपऱ्यात ती खुर्ची आहे. इतकी आरामशीर आहे, की तिच्यासाठी सकाळपासून लोकांची भांडणं लागतात. बसायच्या आधी तिच्यात पाय तेवढे घालावे लागतात.